सुपरमॅनचे निर्माते आणि सुपरमॅनचे मालक

१ मार्च १९३८ ही तारीख घातलेल्या एका कागदावर अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराच्या दोन तरुणांनी सह्या केल्या. एकाचे नाव जेरी सीगल, दुसऱ्याचे जो शुस्टर. दोघेही तेवीस वर्षांचे. सीगल कथा लिहीत असे, शुस्टर तिची चित्रे काढीत असे. या कागदान्वये आपण निर्माण केलेल्या एका नायकाचे सर्व हक्क त्यांनी न्यूयॉर्कच्या डिटेक्टिव्ह कॉमिक्स या कंपनीला कायमचे देऊन टाकले. मोबदला होता १३० डॉलर. हा आकडा आला कोठून? पहिल्या कथेची पाने तेरा आणि पानाचा दर दहा डॉलर. त्या नायकाचे नाव सुपरमॅन.

कंपनीने त्या वेळी पाठविलेला धनादेश पुढे जपून राहिला. तो एकूण ४१२ डॉलरांचा होता आणि त्यात इतर कामाच्या पैशांबरोबर सुपरमॅनचे १३० डॉलर एका ओळीत नोंदलेले होते. २०१२ साली हा जुना, वटलेला धनादेश लिलावात १ लाख ६० हजार डॉलरांना विकला गेला. ज्या अंकातून सुपरमॅन प्रथम वाचकांसमोर आला, त्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची किंमत १९३८ साली दहा सेंट होती, त्याची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरांना गेली. संग्राहकांच्या या व्यवहारांतून निर्मात्यांच्या घरी काही जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण ज्या वस्तूच्या पावतीलादेखील एवढे मोल येते, तिच्या निर्मात्यांची उत्तरायुष्ये कशी गेली, हे पाहणे उद्बोधक आहे. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांचे इतिहास सामान्यतः ग्रंथांचे, नायकांचे आणि चित्रपटांचे इतिहास म्हणून लिहिले जातात. ते श्रमाचे आणि मालकीचेही इतिहास आहेत, याची आठवण ठेवणे आवश्यक आहे.

खाणमालकाला खाणीत नेणारा नायक

सीगल आणि शुस्टर ही दोन्ही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील मुले. क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये त्यांची मैत्री जमली. अमेरिकेत महामंदीचा काळ होता. सीगलचे वडील कपड्यांचे छोटे दुकान चालवीत. १९३२ साली दुकानात चोर शिरले, त्या झटापटीच्या धक्क्यातच वडिलांचा अंत झाला. विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकांचे वेड दोघांनाही होते. त्या मासिकांनी कथा स्वीकारल्या नाहीत, तेव्हा सीगलने स्वतःचेच एक सायक्लोस्टाईल केलेले नियतकालिक काढले आणि त्याचे नाव ‘सायन्स फिक्शन’ असे ठेवले. जानेवारी १९३३ मध्ये त्यातून ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम आले; पण त्या कथेतील अतिमानव दुष्ट होता. पुढे त्या नावाचा नायक झाला. परग्रहावरून आलेला, पृथ्वीवर परका असलेला आणि आपले खरे रूप दडवून वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी करणारा हा नायक घेऊन दोघांनी कित्येक वर्षे प्रकाशकांचे उंबरठे झिजविले. सर्वत्र नकार मिळाला. १९३८ च्या त्या सहीकडे पाहताना ही नकारांची वर्षे विसरता येत नाहीत.

आरंभीच्या अंकांतील सुपरमॅन आजच्या वाचकाने वाचला तर तो चकित होईल. ग्रहगोल हलविणारे खलपुरुष त्या कथांत जवळजवळ नाहीत. पहिल्याच कथेत तो एका निरपराध स्त्रीची फाशी टाळतो आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला अद्दल घडवितो. दुसऱ्या अंकात तो शस्त्रास्त्रांच्या एका कारखानदाराला साधा शिपाई म्हणून रणांगणावर उभा करतो. आपल्याच कारखान्यातील तोफगोळे अंगावर येऊ लागले की युद्धाचा नफा कसा लागतो, हे त्या गृहस्थाला तेथे कळते. तिसऱ्या अंकात असुरक्षित खाणीत कामगार सापडतात. मालक बेफिकीर असतो. तेव्हा सुपरमॅन कामगाराच्या वेषात त्या मालकाला आणि त्याच्या मेजवानीच्या पाहुण्यांना खाणीत नेऊन कोंडतो. जीव गुदमरू लागल्यावर मालकाला सुरक्षिततेचे महत्त्व पटते. आठव्या अंकात तर हा नायक एक गलिच्छ वस्ती स्वतःच्या हातांनी जमीनदोस्त करतो. हेतू एवढाच की सरकारला तेथे गरिबांसाठी चांगली घरे बांधणे भाग पडावे.

यात भाबडेपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. एका बलदंड माणसाच्या मुठीने सामाजिक प्रश्न सुटत नसतात. परंतु हा भाबडेपणा मंदीत होरपळलेल्या घरांतून आलेला होता. रूझवेल्टच्या न्यू डीलचे वारे त्या पानांतून वाहत होते. पुढे सुपरमॅन अफाट खपाचा माल झाला, तसतसे खाणमालक आणि शस्त्रविक्रेते त्याच्या शत्रूंच्या यादीतून मागे पडले; वेडे शास्त्रज्ञ आणि परग्रहवासी त्यांच्या जागी आले. याला अनेक कारणे असतील. तथापि एक गोष्ट स्पष्ट आहे. नायकाने कोणाशी लढावे हे ठरविण्याचा अंतिम अधिकार त्याच्या निर्मात्यांकडे उरलेला नव्हता. १९३८ च्या कागदाने पैशाबरोबर हा अधिकारही गेला होता.

टंकलेखकाची नोकरी

आरंभीची काही वर्षे दोघांना काम भरपूर मिळाले आणि पानामागे पैसेही बरे मिळाले, हे कंपनीच्या बाजूने नोंदविले पाहिजे. मात्र हाताखालच्या चित्रकारांचे पगार त्यांना त्यातूनच द्यावे लागत. दरम्यान सुपरमॅन १९४० साली रेडिओवर गेला, १९४१ साली व्यंगपटांत आला, खेळण्यांवर आणि कपड्यांवर झळकला. सीगलने पूर्वीच एक कल्पना मांडली होती, सुपरमॅनच्या बालपणीच्या कथांची. कंपनीने ती तेव्हा नाकारली. पुढे सीगल महायुद्धात लष्करी सेवेत असताना त्याला न विचारता ‘सुपरबॉय’ प्रकाशित होऊ लागला.

१९४७ साली दोघांनी न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयात दावा लावला. सुपरमॅन कंपनीचा आणि सुपरबॉय सीगलचा, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर १९४८ साली सुमारे ९४ हजार डॉलरांवर तडजोड होऊन दोन्ही नायकांवरील हक्क कंपनीकडे गेले. त्याबरोबर दोघांचे कामही गेले आणि नावेही गेली. ‘सीगल आणि शुस्टर’ ही अक्षरे सुपरमॅनच्या कथांवरून पुसली गेली. पुढील पंचवीसहून अधिक वर्षे जगभरची मुले हा नायक वाचत होती. तो कोणी निर्माण केला हे त्या पानांवर कोठेही लिहिलेले नव्हते.

१९५९ साली सीगल त्याच कंपनीत परत आला. आपण निर्माण केलेल्या नायकाच्या कथा तो पुन्हा लिहू लागला, पण निनावी आणि पानाच्या दराने. हक्कांच्या नूतनीकरणाची मुदत जवळ येऊ लागताच त्याने पुन्हा मागणी केली आणि तेही काम सुटले. दुसऱ्या खटल्याचा निकाल १९७४ साली अपील न्यायालयात त्याच्या विरुद्ध गेला. त्या सुमारास सीगल लॉस एंजेलिसमध्ये एका सरकारी कचेरीत कारकून-टंकलेखक होता. शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि तो न्यूयॉर्कमध्ये भावाच्या आधाराने राहत होता.

१९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार अशी बातमी आली. सीगलने टंकलेखन यंत्रावर एक लांबलचक निवेदन लिहिले आणि वृत्तपत्रांना धाडले. त्यात त्याने त्या चित्रपटाला शाप दिला होता. साठी उलटलेल्या, हृदयविकार जडलेल्या माणसाजवळ दुसरे शस्त्र उरले नव्हते. हे निवेदन काही पत्रकारांनी उचलले. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे व्यवसायबंधू पुढे आले. दोघेही नामांकित चित्रकार, पैकी रॉबिन्सन व्यंगचित्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेचा माजी अध्यक्ष. त्यांनी दूरचित्रवाणीवर, वृत्तपत्रांत आणि लेखक-चित्रकारांच्या सभांत हा प्रश्न धसास लावला. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये कंपनीने, म्हणजे तोपर्यंत तिची मालक झालेल्या वॉर्नर कम्युनिकेशन्सने, दोघांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय खर्च देण्याचे मान्य केले. नावेही परत आली. १९७८ साली चित्रपट आला. त्याने जगभरात सुमारे तीस कोटी डॉलर मिळविले. सुपरमॅनच्या वडिलांची छोटी भूमिका करणाऱ्या मार्लन ब्रँडोला त्यासाठी ३७ लाख डॉलर आणि शिवाय नफ्यात वाटा ठरला होता. निर्मात्यांना मिळालेल्या रकमेला औदार्य म्हणावयाचे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की सदतीस वर्षांत न्यायालयांनी जे दिले नाही ते काही आठवड्यांच्या संघटित लोकमताने मिळविले. कंपनीवर कायद्याचे बंधन नव्हते. बंधन आले ते लाजेचे; आणि ही लाज तिला आपोआप वाटली नव्हती, व्यवसायबंधूंनी ती वाटावयास लावली.

सवलतींसाठी स्वतंत्र, मालकीसाठी मजूर

सीगल आणि शुस्टर यांची कहाणी अपवाद असती तर तिच्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. जॅक कर्बी हे दुसरे नाव. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाट गरीब वस्तीत, कपड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या एका कामगाराच्या घरी १९१७ साली त्याचा जन्म झाला. १९४१ साली, अमेरिका महायुद्धात उतरण्यापूर्वीच, जो सायमन आणि कर्बी यांच्या ‘कॅप्टन अमेरिका’ने पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावला. १९६१ नंतर मार्व्हल या कंपनीसाठी लेखक-संपादक स्टॅन ली याच्यासह कर्बीने ‘फँटॅस्टिक फोर’, ‘हल्क’, ‘थॉर’, ‘एक्स-मेन’ आणि ‘ब्लॅक पँथर’ उभे केले. त्यात कोणाचा वाटा किती, यावर दोघांचा वाद अखेरपर्यंत मिटला नाही. पण पानापानावरचे ते विश्व कर्बीच्या पेन्सिलीतून उतरले, याबद्दल वाद नाही.

कर्बी हा कंपनीचा पगारी नोकर नव्हता. तो घरी बसून काम करी आणि पूर्ण झालेल्या पानांचे पैसे घेई. त्या काळी कंपनीच्या धनादेशांच्या पाठीवर मजकूर छापलेला असे: सही करून पैसे घेणारा सर्व हक्क सोडून देत आहे. घरभाडे थकलेला माणूस धनादेशाच्या पाठीवरील मजकुराशी वाद घालीत नाही. १९८० नंतर मार्व्हलने चित्रकारांना त्यांची मूळ पाने परत देण्यास सुरुवात केली. इतरांना त्यासाठी एक पानी कागद पुरत होता. कर्बीपुढे मात्र चार पानी करारनामा ठेवला गेला. पुन्हा व्यवसायबंधूंनी आणि वाचकांनी आवाज उठविला. १९८७ साली सुमारे २१०० पाने परत आली. त्याने काढलेल्या दहा हजारांहून अधिक पानांपैकी ती होती. १९९४ साली कर्बी वारला. २००९ साली डिस्ने या कंपनीने मार्व्हल सुमारे चारशे कोटी डॉलरांना विकत घेतली. कर्बीच्या वारसांनी हक्क परत मागितले. २०११ आणि २०१३ साली न्यायालयांनी निकाल दिला, की हे काम कंपनीच्या सांगण्यावरून आणि कंपनीच्या खर्चाने झालेले मजुरीचे काम होते, म्हणून कायद्याच्या दृष्टीने त्याची कर्ती कंपनीच होय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना २०१४ साली उभय पक्षांत तडजोड झाली. तिच्या अटी जाहीर झाल्या नाहीत.

या निकालातील विसंगती साध्या माणसालाही कळेल. आजारपणाची रजा, निवृत्तिवेतन, नोकरीची हमी यांचा प्रश्न आला की कर्बी हा स्वतंत्र व्यावसायिक. त्याचा कंपनीशी काही संबंध नाही. मालकीचा प्रश्न आला की तोच कर्बी कंपनीचा मजूर. नोकरीचे लाभ नाहीत आणि स्वातंत्र्याचे फळही नाही, अशी ही दुहेरी वंचना आहे. असल्या कंत्राटी कामाची ओळख विडी कामगारांना आणि घरी शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना फार जुनी आहे. कल्पनेच्या क्षेत्रातही तीच पद्धत चालते, एवढेच येथे दिसते.

मालक नेहमी कंपनीच असतो असेही नाही. बॅटमॅन १९३९ साली आला तो बॉब केन या एकट्याच्या नावावर. वस्तुतः त्याच्या वेषाची, स्वभावाची आणि कथांची बरीचशी जडणघडण बिल फिंगर या लेखकाने केली होती. कंपनीशी करार मात्र केनचा होता आणि नाव फक्त केनचे लागले. फिंगर १९७४ साली हलाखीतच वारला. संशोधकांनी आणि त्याच्या नातीने चिकाटीने पाठपुरावा केला तेव्हा, २०१५ साली, म्हणजे ७६ वर्षांनी, त्याचे नाव अधिकृतपणे जोडले गेले. याच्या शेजारी कारेल चापेकचे उदाहरण ठेवावे. ‘रोबो’ हा शब्द जगाला चेक नाटककार चापेकच्या १९२० च्या नाटकाने दिला. परंतु हा शब्द आपला नसून आपला चित्रकार भाऊ योसेफ याने सुचविला, असे चापेकने १९३३ साली वृत्तपत्रात स्वतः लिहून जाहीर केले. त्या शब्दाचे मूळ वेठबिगारीच्या अर्थाच्या चेक शब्दात आहे. श्रेय वाटून दिल्याने चापेकची कीर्ती कणभरही उणी झाली नाही.

करार स्वखुशीचा होता काय?

या सर्वांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याचा विचार केला पाहिजे. प्रकाशक भांडवल घालतो, तोट्याचा धोका पत्करतो. दहा नायकांपैकी नऊ बुडतात, त्यांचा तोटा दहाव्याने भरून काढावा लागतो. आणि सही करणारे तरुण सज्ञान होते, कोणी त्यांच्या डोक्यावर बंदूक रोखली नव्हती.

धोक्याचा मुद्दा निराधार नाही. भांडवलाला परतावा मिळू नये असे कोणी म्हणत नाही. पण धोका फक्त कंपनीनेच घेतला होता काय? पाच वर्षे नकार पचवून, उपजीविकेच्या वयात एकाच कल्पनेमागे लागणे हादेखील धोकाच होय. फरक इतकाच की त्या धोक्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. शिवाय धोक्याच्या मोबदल्याला काही मर्यादा असावी लागते. १३० डॉलरांचा धोका ऐंशी वर्षांहून अधिक काळ नफ्याचा दाखला म्हणून पुढे करता येत नाही.

स्वखुशीच्या मुद्द्याचे उत्तर अमेरिकन कायद्यानेच दिले आहे. १९७६ च्या कॉपीराइट कायद्याने हे तत्त्व मान्य केले की निर्मितीचे खरे मोल करार करताना कोणालाच ठाऊक नसते आणि त्या वेळी निर्मात्याची बाजू दुबळी असते. म्हणून विशिष्ट मुदतीनंतर, जुन्या करारांसाठी ५६ वर्षांनंतर आणि १९७८ पासूनच्या करारांसाठी ३५ वर्षांनंतर, निर्मात्याला किंवा त्याच्या वारसांना दिलेले हक्क परत घेण्याची तरतूद झाली. करारात याविरुद्ध काहीही लिहिले असले तरी हा अधिकार टिकतो. या तरतुदीच्या आधारे सीगलच्या वारसांनी १९९७ साली नोटीस दिली आणि २००८ साली एका न्यायालयाने पहिल्या सुपरमॅनकथेतील सीगलचा वाटा त्यांना परत मिळाल्याचा निर्णयही दिला. परंतु २००१ साली वाटाघाटींत लिहिलेल्या एका पत्राने करार पक्का झाला होता, असे २०१३ साली वरच्या न्यायालयाने ठरविले आणि कंपनीची मालकी कायम राहिली. शुस्टरच्या वारसांची मागणीही त्याच वर्षी फेटाळली गेली. शुस्टर १९९२ साली आणि सीगल १९९६ साली निवर्तला होता. आणि ‘मजुरीचे काम’ असा शिक्का बसला की ही तरतूद मुळी लागूच होत नाही. कर्बीच्या प्रकरणात सगळा वाद त्या शिक्क्याचाच होता. कायद्याने एक दार उघडावे आणि त्याच कायद्यातील व्याख्येने ते लोटून घ्यावे, असा हा प्रकार आहे.

वाचकांचे बळ

मग उपाय कोणता? विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्याच इतिहासात त्याची काही उत्तरे सापडतात.

१९६५ साली अमेरिकेत एस बुक्स या प्रकाशनसंस्थेने टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची स्वस्त आवृत्ती काढली. लेखकाची परवानगी घेतली नव्हती; अमेरिकन कायद्यातील एका फटीमुळे पुस्तकाला संरक्षण नाही, असा प्रकाशकांचा दावा होता. त्या आवृत्तीची किंमत ७५ सेंट होती. लेखकाने मान्यता दिलेली आवृत्ती त्याच वर्षी ९५ सेंटला निघाली. टॉल्किनने वाचकांच्या पत्रांना उत्तरे देताना ही गोष्ट प्रत्येकाला कळविण्यास सुरुवात केली. वाचक खवळले, पत्रव्यवहार झाला, दुकानदारांना जाब विचारला गेला. वीस सेंट जास्त देऊन वाचकांनी अधिकृत आवृत्ती घेतली. दुसऱ्याच वर्षी त्या प्रकाशकांनी लेखकाला मानधन दिले आणि आपली आवृत्ती थांबविली. कायद्याने ज्याला बांधता आले नसते त्याला वाचकांनी बांधले.

त्याच १९६५ साली डेमन नाइट या लेखकाच्या पुढाकाराने अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांची संघटना स्थापन झाली. एकट्या लेखकाने प्रकाशकाला लिहिलेले पत्र टोपलीत जाते. संघटनेच्या पत्राला उत्तर द्यावे लागते, हे तिचे साधे तत्त्व. २०२० साली अ‍ॅलन डीन फॉस्टर या वृद्ध लेखकाचे प्रकरण तिने हाती घेतले. १९७६ साली ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाची कादंबरी फॉस्टरने लिहिली होती. मुखपृष्ठावर नाव मात्र दिग्दर्शक जॉर्ज लुकस याचे होते. लुकसची कंपनी २०१२ साली डिस्नेकडे गेली आणि फॉस्टरचे मानधन येणे बंद झाले. हक्क विकत घेतले, पण ते देण्याघेण्याचे दायित्व घेतले नाही, अशी नव्या मालकाची भूमिका असल्याचे संघटनेने जाहीर केले. घर विकत घ्यावे आणि त्यावरील कर्ज मात्र जुन्या मालकाचे म्हणावे, असा हा न्याय. प्रकरण चव्हाट्यावर आले आणि पुढील वर्षी फॉस्टरचा प्रश्न सुटला. इतर लेखकांच्या थकबाकीसाठी संघटनांना एकत्र येऊन झगडावे लागले.

२०२३ साली हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला. मोबदल्याबरोबर त्यांचा एक प्रश्न असा होता, की यंत्राने लिहिलेल्या मजकुराला लेखकाचे लेखन मानून माणसाचे श्रेय आणि पैसे कमी करता येतील काय? संपाअंती झालेल्या करारात तसे करता येणार नाही हे लिहून घेण्यात आले. चापेकच्या नाटकातील यंत्रमानव आणि हा संप यांच्यात एका शतकाचे अंतर आहे. यंत्र येणारच, त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडावा हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

भारतातील लेखक-चित्रकारांनी हे सर्व परक्या देशाचे म्हणून बाजूला ठेवू नये. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यातही नोकरीत केलेले काम, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः मालकाचे ठरते. मात्र हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो फक्त भारत समजावा, अशी उपयुक्त तरतूद त्याच कायद्यात आहे. किती नवोदितांना ती ठाऊक असते? २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीते लिहिणाऱ्या आणि संगीत देणाऱ्या निर्मात्यांचा रॉयल्टीतील समान वाटा असा पक्का केला, की तो करारानेही सोडून देता येऊ नये. गीतकार-संगीतकारांनी एकजुटीने लढा दिला म्हणूनच संसदेने हे केले. या तत्त्वाचा लाभ कथा लिहिणाऱ्यांना आणि चित्रे काढणाऱ्यांनाही का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

म्हणून मागण्या तीनच असाव्यात आणि त्या स्पष्ट असाव्यात. निर्मात्याचे नाव निर्मितीबरोबर राहावे. ते पुसण्याचा अधिकार पैशाने विकत मिळू नये. घरी बसून, जोखीम स्वतःच्या अंगावर घेऊन केलेल्या कामाला ‘मजुरीचे काम’ म्हणण्याची सोय बंद व्हावी. आणि कल्पनेला अनपेक्षित यश आले तर कराराचा फेरविचार मागण्याचा अधिकार निर्मात्याला असावा. तो कोणत्याही कागदावरील सहीने नष्ट होऊ नये. यांपैकी एकही मागणी प्रकाशनाचा धंदा बुडविणारी नाही.

१ जानेवारी २०३४ रोजी अमेरिकेत सुपरमॅनच्या पहिल्या कथेचा कॉपीराइट संपेल. खाणमालकाला खाणीत नेणारा तो जुना नायकही त्याच दिवशी कंपनीच्या दप्तरातून बाहेर पडून हळूहळू सर्वांचा होऊ लागेल. पंचाण्णव वर्षांच्या या काळात जे दोघे त्याचे खरे धनी होते, त्यांच्या वाट्याला मालकीचा एक दिवसही नीट आला नाही. ते आता हयात नाहीत. परंतु आज कोठल्या तरी शहरातील लहानशा खोलीत दोन तरुण नवा नायक घडवीत असतील आणि त्यांच्यापुढेही एक कागद येईल. त्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून दाखविणारी, समजावून देणारी आणि गरज पडल्यास त्यांच्या बाजूने उभी राहणारी संघटना त्यांच्या पाठीशी असली पाहिजे. सीगल आणि शुस्टर यांच्याजवळ १९३८ साली तेवढेच नव्हते.